हॉरर गेम कशाला म्हणावे?

एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने आपल्या लघुप्रबंधात मराठी भयकथेच्या जोडीला व्हिडिओ गेमवर एक प्रकरण लिहिले होते. 'विषयाशी संबंध नाही' असा शेरा मारून आम्ही ते वगळायला लावले. त्याने एवढेच विचारले, 'सर, संबंध नाही हे कशावरून ठरवलंत?' उत्तर आमच्यापाशी नव्हते. कारण तोवर आमच्यापैकी एकानेही असला खेळ खेळून पाहिलेला नव्हता. पुढे दिवाळीच्या सुटीत आम्ही खेळलो, घाबरलो आणि आपसांत भांडलोही. प्रस्तुत टिपण हे त्या भांडणाचे फलित.

हॉरर गेम कशाला म्हणावे, याचे प्रचलित उत्तर आशयाकडे बोट दाखवते: भूत, प्रेत, ओसाड वाडा, रक्त. साहित्याच्या वर्गात हे उत्तर आपण केव्हाच टाकून दिले आहे. नारायण धारपांची भयकथा आणि रत्नाकर मतकरींची गूढकथा यांत आपण भेद करतो तो कथेत कोण वावरते यावरून नव्हे, तर वाचकाच्या मनात काय घडते यावरून. खेळाला निराळा न्याय का लावावा? 1993 सालचा 'डूम' पाहावा. नरकातून आलेले राक्षस, अंधारे बोळ, रक्तमांसाचा चिखल, सारे काही तेथे आहे. परंतु खेळणाऱ्याच्या हाती बंदूक आहे आणि पायांत विलक्षण वेग. त्याचा स्थायीभाव शोधू गेल्यास उत्साह हाती लागतो. हा वीररसच, फक्त बीभत्साची झालर लावलेला.

मग खेळणाऱ्याची असहायता हीच कसोटी मानावी काय? आमच्यातील एकाने तसा आग्रह धरला आणि दुसऱ्याने 1980 सालचा 'पॅक-मॅन' पुढे करून तो मोडून काढला. चार भुते पाठलाग करतात, बहुतेक वेळ पळण्यावाचून गत्यंतर नसते, तरीही त्याला कोणी हॉरर म्हणत नाही. याचे कारण आमच्या मते असे की तेथे अवघा चक्रव्यूह डोळ्यांसमोर उघडा असतो. कोणते भूत कोठे आहे हे ठाऊक असते. जे पूर्ण दिसते त्याची धास्ती वाटेल. भय वाटेलच असे नाही.

1999 चा 'सायलेंट हिल' नेमका येथे वेगळा ठरतो. हरवलेल्या मुलीच्या शोधात एक बाप धुक्याने भरलेल्या गावात हिंडतो. (तो पेशाने लेखक आहे, हे आम्हाला विशेष भावले, बंदूक त्याच्या हातात शोभत नाही.) त्या यंत्राला एका वेळी दूरवरचे दृश्य रेखाटणे झेपत नसे, ती उणीव धुक्याने झाकली आणि धुकेच त्या खेळाचा प्राण झाले. शिवाय त्याच्या खिशात एक रेडिओ आहे. राक्षस जवळ आला की तो खरखरू लागतो. कोणीतरी आहे एवढे कळते; कोठे आहे ते दिसत नाही. अर्धवट ज्ञान आणि अर्धवट बळ हे दोन्ही एकत्र आले, तरच भय जमते.

'सर्व्हायव्हल हॉरर' ही संज्ञा रूढ केली ती 1996 च्या 'रेसिडेंट ईव्हिल'ने. स्थिर कॅमेऱ्याची, वाड्यात भटकण्याची रीत त्याआधी 1992 च्या 'अलोन इन द डार्क'मध्ये होतीच. पण आम्हाला अडकवून ठेवले ते टाइपरायटरने. खेळातील प्रगती जतन करायची तर टाइपरायटरपाशी जावे लागते आणि दर खेपेस शाईची एक रिबन खर्ची पडते. रिबनी मोजक्याच. परिणामी पुढचे दार उघडताना नायकाच्या प्राणांची नव्हे, आपल्या वाया जाऊ शकणाऱ्या पाऊण तासाची काळजी वाटू लागते. ही भीती खोटी नाही. ती आपली स्वतःची आहे. खेळ ती उचलतो आणि त्या वाड्यातल्या अंधाराला देऊन टाकतो. कथेला हे करता येत नाही. पुस्तक मिटले तरी वाचलेली पाने कोणी परत घेत नाही.

याच मालिकेतील 2005 च्या चौथ्या खेळावरून आमच्यात फूट पडली. गोळ्या बऱ्यापैकी मिळतात, शस्त्रे विकणारा व्यापारीही भेटतो. तरी आरंभी गावकरी चहूबाजूंनी घेरतात तो प्रसंग निखळ भयाचा आहे. अखेर आम्ही तडजोड केली: व्याख्या अख्ख्या खेळाला न लावता खेळातील स्थितीला लावावी. कादंबरीतील एखादे प्रकरण भयानक असते तसेच हे.

खरी अडचण मात्र पुढे आहे. भट्टनायक-अभिनवगुप्तांच्या परंपरेत सामाजिकाचे भय हे त्याचे खाजगी भय नसते; साधारणीकरणामुळेच ते आस्वाद्य होते. अभिनवगुप्तांनी यासाठी 'शाकुंतला'तील बाणाच्या धास्तीने पळणाऱ्या हरिणाचा दाखला घेतला आहे. ते हरीण आपण पाहतो. गेममध्ये हरीण आपणच असतो. आश्रयही आपण, सामाजिकही आपण. 2014 च्या 'एलियन: आयसोलेशन'मध्ये ज्याला मारता येत नाही असा प्राणी बाहेर फिरत असताना कपाटात दडून बसलेल्या आमच्या सहकाऱ्याचे तळहात घामेजले होते. हा रस की निव्वळ लौकिक भाव? त्यांचे म्हणणे, हा लौकिक भावच. तेव्हा हॉरर गेम ही कलेची नव्हे, जत्रेतल्या पाळण्याची जात. इतरांचे म्हणणे असे की पाळण्यातून उतरलेला माणूस पाळण्याचा विचार करत बसत नाही. ते मात्र दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तासभर त्या कपाटाविषयीच बोलत होते.

वाद मिटलेला नाही. विद्यार्थ्याकडून ते वगळलेले प्रकरण आम्ही परत मागवले आहे. त्याने आधी आमचा जुना शेरा खोडून मागितला.