निर्जन की बेचिराख?

गेल्या उन्हाळ्यात टोरंटोला मुलीकडे असताना ऑन्टॅरिओ प्रांतातील अल्गॉन्क्विन उद्यानात तीन दिवस तंबूत राहण्याचा योग आला. कॅनू लेक या सरोवरावरून वल्ही मारत निघालो. बांधापाशी नाव पाण्याबाहेर काढली आणि जावयाने ती डोक्यावर पालथी घेतली. सुमारे तीनशे मीटरची ती पायवाट ओलांडून पुढच्या पाण्यात उतरलो आणि संध्याकाळी टॉम थॉमसन लेकच्या काठी तंबू ठोकला. अन्नाची पिशवी अस्वलांच्या भयाने उंच फांदीला टांगली. काळोख पडल्यावर लून पक्ष्याची दीर्घ, कापरी हाक पाण्यावरून आली आणि विजेरीच्या उजेडात मी वहीत लिहिले : 'माणसाचा स्पर्श न झालेले निर्जन सरोवर'.

हे वाक्य खोटे आहे, आणि त्याचा खोटेपणा केवळ माझ्यापुरता नाही, असे मला वाटते. निसर्गवर्णनाच्या भाषेत ते इतके रुळले आहे की लिहिताना हात अडखळतसुद्धा नाही. म्हणून त्याची थोडी झडती घ्यावी, एवढाच या टिपणाचा हेतू.

प्रथम नावेकडे पाहू. भूर्जाची साल, देवदारवर्गीय लाकडाच्या फासळ्या, स्प्रूसच्या मुळांची शिवण आणि त्याच झाडाच्या डिंकाने बुजवलेल्या सांधी असे या नावेचे मूळ रूप. ते अनिशिनाबे आणि त्यांच्यासारख्या मूळ रहिवाशांनी घडवले. एका माणसाला खांद्यावरून नेता यावी इतकी ती हलकी, कारण एका सरोवरातून दुसऱ्यात जाणे हा त्यांच्या जगण्याचा भाग होता. नाव उचलून नेण्याच्या ज्या पायवाटांना आज फ्रेंच शब्दाने 'पोर्टेज' म्हणतात, त्यांपैकी कित्येक त्यांच्याच पावलांनी पडल्या. म्हणजे 'अस्पर्श' प्रदेशात शिरण्याचे माझे वाहन आणि वाट, दोन्ही तेथल्या माणसांची देणगी होती.

दुसरी गोष्ट काठाची. कॅनू लेकच्या काठी १८९० च्या दशकात लाकूड कंपनीची गिरणी आणि मोवाट नावाचे गाव उभे राहिले. रेल्वे आली, शेकडो माणसे राहिली. काही वर्षांतच कंपनी बुडाली आणि गाव ओसरले. ज्या पाण्याला मी अनादि समजत होतो त्याची पातळीही ओंडके वाहून नेण्यासाठी घातलेल्या बांधांनी बदललेली. उद्यान १८९३ साली स्थापन झाले, आणि त्यात शिकारीला व सापळे लावण्याला बंदी आली. लाकूडतोड मात्र थांबली नाही. उद्यानाच्या काही भागांत ती आजही चालते. पिढ्यान्‌पिढ्या तेथे शिकारीवर जगलेला अल्गॉन्क्विन माणूस एका कायद्याने चोरटा शिकारी ठरला. आपण ही भूमी कोणत्याही तहाने दिलेली नाही, हा त्या लोकांचा दावा. त्यावर तत्त्वतः करार व्हायला २०१६ साल उजाडावे लागले.

तिसरी गोष्ट माशाची. परतताना कॅनू लेकमध्ये माझ्या गळाला एक स्मॉलमाउथ बास लागला. अंगावर कांस्यवर्णी पट्टे, ओढ अशी की मनगट दुखावे. 'याच पाण्याचे लेकरू', असे मी मोठ्या भाविकतेने म्हटले. पुढे वाचनात आले की ही जात उद्यानातील मूळची नव्हे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हौशी मासेमारांसाठी ती या पाण्यात आणून सोडली गेली. मूळचा लेक ट्राउट उन्हाळ्यात खोल, थंड पाण्यात जातो. तो मला दिसलाही नाही.

मग ही निर्जनता आली कोठून? तिचा मोठा भाग चित्रांतून आणि लेखनातून आला. ज्याच्या नावाच्या सरोवराकाठी आम्ही राहिलो, तो टॉम थॉमसन १९१२ साली येथे प्रथम आला. मासे धरी, पाहुण्यांना वाट दाखवी, लाकूड कंपनीच्याच जुन्या इमारतीत थाटलेल्या मोवाट लॉजमध्ये उतरे आणि लहान फळ्यांवर रंगवी. ८ जुलै १९१७ रोजी तो नावेतून निघाला. १६ जुलैला त्याचे प्रेत कॅनू लेकमध्ये वर आले. त्याच्या मित्रांनी १९२० साली 'ग्रुप ऑफ सेव्हन' स्थापन केला. वाऱ्यात वाकलेले एकाकी झाड, मागे पाणी, माणूस कोठेही नाही, हे त्या साऱ्यांच्या कलेचे सर्वपरिचित रूप झाले. परंतु थॉमसनने 'द ड्राइव्ह' आणि 'द पॉइंटर्स' या चित्रांत ओंडके वाहून नेणारी माणसेही रंगवली आहेत. तो स्वतः १९१६ साली वणव्यावर नजर ठेवणारा पगारी रखवालदार होता. ती चित्रे घरोघरच्या भिंतींवर गेली नाहीत. 'द जॅक पाइन'मधले एकटे झाड गेले. रसिकांनी निवड केली, आणि निवडीलाच निसर्ग म्हटले.

यावर कोणी म्हणेल की त्या रात्रीची शांतता तर खरी होती ना? होती. डबे-बाटल्या आत नेण्यास बंदी, जिवंत मासे आमिष म्हणून वापरण्यास बंदी, मुक्कामासाठी परवाना, या नियमांमुळेच ती टिकली आहे, आणि मी तिचा ऋणी आहे. पण माणसांनी राखलेली शांतता आणि माणूसच नसल्याची शांतता यांत फरक आहे. पहिलीत कृतज्ञता संभवते. दुसरीत केवळ मालकीचा आनंद.

येथे मराठीचा एक जुना शब्द उपयोगी पडतो. महसुली कागदपत्रांत ओस गावाला 'बेचिराख' म्हणत. बे-चिराग, म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते गाव. आज आपण त्यात 'राख' ऐकतो आणि जळून गेलेले असा अर्थ घेतो. मूळ शब्द मात्र विझलेल्या दिव्याची आठवण ठेवणारा आहे. 'निर्जन' म्हणताना माणूस कधी होता का, हा प्रश्नच उद्भवत नाही. 'बेचिराख' म्हटले की तो विचारावाच लागतो. त्या रात्री मला दुसरा शब्द सुचायला हवा होता.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. ताडोबा आणि मेळघाट येथूनही गावे हलवली गेली आहेत. वाघासाठी ते आवश्यक होते की नाही, याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. पण उद्या तेथे जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने 'मानवी स्पर्शापासून मुक्त अरण्य' असे लिहिले, तर त्या गावांचे दिवे दुसऱ्यांदा विझतील, आणि या वेळी ते आपल्या भाषेने विझवलेले असतील. निसर्गलेखनाच्या तासाला आपण उपमा-उत्प्रेक्षा विचारतो. या वर्णनातून कोण वगळले गेले आहे, हेही विचारायला हवे.

वहीतले वाक्य मी खोडलेले नाही. त्याखाली एवढेच लिहिले आहे : 'पाणी शांत. काठावर पूर्वी दिवे होते.' वर्णन म्हणून ते पहिल्याहून रुक्ष आहे, हे मान्य. पण ते खरे आहे.