नव्या गाडीला पॉलिश हवं की फक्त नीट आंघोळ? घरच्या घरी गाडी धुण्याचं आणि वॅक्स करण्याचं गणित

नव्या गाडीची चावी हातात पडते, पेढे वाटून होतात, फोटो निघतो आणि त्याच टेबलावर एक कागद पुढे सरकतो. टेफ्लॉन कोटिंग, सिरॅमिक कोटिंग, पेंट प्रोटेक्शन पॅकेज. रक्कम काही हजारांपासून सुरू होते. गाडीसाठी लाखो रुपये मोजलेला माणूस अशा वेळी फार घासाघीस करत नाही. मग पहिल्या सर्व्हिसिंगच्या बिलात 'रबिंग-पॉलिश' अशी आणखी एक ओळ येते.

माझं मत सरळ आहे. पहिल्या वर्षात नव्या गाडीला पॉलिशची गरज जवळपास कधीच नसते. गरज असते ती नीट धुण्याची आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा वॅक्सचा हात फिरवण्याची. ही दोन्ही कामं घरी होतात. ती का आणि कशी, हे समजून घ्यायचं तर आधी रंगाचे थर पाहावे लागतील.

रंग किती जाड असतो?

आपल्याला दिसतो तो लाल, पांढरा किंवा करडा रंग सगळ्यात वरचा नसतो. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चकाकी त्याची असते, ऊनही तोच झेलतो. चारही थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर गाडीची सगळी शान एका केसापेक्षाही पातळ थरावर उभी आहे.

पॉलिश म्हणजे काय, तर अतिशय बारीक खरपूड असलेली पेस्ट. ती क्लिअर कोटचा वरचा भाग घासून काढते, ओरखड्याच्या कडा सपाट करते आणि त्यामुळे चमक येते. म्हणजे चमक 'लावली' जात नाही, थर 'काढला' जातो. रबिंग कंपाउंड हा त्याचाच जास्त खरखरीत भाऊ, एका वेळी काही मायक्रॉन खाणारा. वॅक्सचं काम नेमकं उलटं. ते काहीही काढत नाही, वर एक तात्पुरता थर ठेवतं.

म्हणून पॉलिश हा दुरुस्तीचा खर्च आहे आणि वॅक्स देखभालीचा. जिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही, तिथे दर सर्व्हिसिंगला रबिंग करून घेणं म्हणजे पैसे देऊन पेंट कमी करून घेणं. जुन्या गाड्या विकत घेणारे हल्ली पेंटची जाडी मोजणारं छोटं यंत्र सोबत आणतात, हेही लक्षात ठेवा.

आता त्या ऑफरबद्दल. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि तव्यावर पक्कं बसवायला त्याहून जास्त उष्णता द्यावी लागते. शोरूमच्या मागच्या शेडमध्ये तुमच्या गाडीला तेवढी उष्णता कोणी देत नाही, देऊही नये. त्या नावाने जे लावलं जातं, ते प्रत्यक्षात वॅक्ससारखंच काम करणारं पॉलिमर असतं. वाईट नसतं, पण तव्यावरच्या थराशी त्याचं नातं नावापुरतंच. सिरॅमिक कोटिंग खरोखर जास्त टिकतं, पाणी छान घसरवतं. मात्र जाहिरातीतलं '९एच' हे पेन्सिलच्या टोकाने ओरखडा काढून बघण्याच्या चाचणीतलं माप आहे, हिऱ्या-माणकांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचं ९ नव्हे. वाळूचा कण त्यालाही जुमानत नाही.

खरा शत्रू: सकाळचं कोरडं फडकं

रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असतं. मोह्स मोजपट्टीवर त्याची कठीणता ७, म्हणजे चाकूच्या पोलादापेक्षाही जास्त. क्लिअर कोट शेवटी एक प्रकारचं प्लास्टिकच. रात्रभर साचलेल्या धुळीवरून सकाळी कोरडं फडकं फिरवलं की तेच फडकं पॉलिश पेपर होतं. सहा महिन्यांनी उन्हात बॉनेटकडे पाहा, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतील. गंमत म्हणजे ते ओरखडे गोल नसतात. ते सगळ्या दिशांना असतात, पण प्रकाशाभोवती आडव्या पडलेल्यांवरच उजेड चमकतो, म्हणून डोळ्याला वर्तुळ भासतं.

इथे सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या दादांवर खापर फोडण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. पहाटे तीस-चाळीस गाड्या, पार्किंगमध्ये एक नळ, तोही वॉचमनने सांगितलेल्या वेळेपुरता, आणि 'रोज पुसली पाहिजे' अशी प्रत्येकाची अट. अर्ध्या बादलीत आणि एका फडक्यात ते दुसरं काय करणार? अट आपली आहे, ती आपणच बदलायची. पगार तोच ठेवा आणि रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा, पण पाणी मारून मगच पुसायला सांगा. दोन-तीन मायक्रोफायबरची फडकी त्यांना आपणच आणून द्या. मधल्या दिवशी गाडी धुळकट दिसली तर दिसू द्या. धूळ नुसती बसून काही करत नाही, ती घासली की करते.

रविवारी घरी धुताना

गाडी सावलीत हवी आणि बॉनेट हाताला थंड लागलं पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळतो आणि डाग सोडतो.

दोन बादल्या घ्या. एकीत कार शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी मगाने किंवा फवारणीच्या पंपाने सगळ्या गाडीवर पाणी सोडून धूळ खाली वाहू द्या, हात न लावता. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात महत्त्वाचीही. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून आधी टप, मग काचा, बॉनेट, दरवाजांचा वरचा भाग. एक भाग झाला की हातमोजा साध्या पाण्यात पिळायचा आणि मगच परत शाम्पूत. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी जमलेला गाळ पाहिलात की दुसरी बादली कशासाठी, हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. दरवाजांचा खालचा पट्टा सर्वांत शेवटी. चाकांना वेगळं फडकं, कारण तिथे ब्रेकमधून झिजलेल्या लोखंडाची पूड असते. ते फडकं चुकूनही वर आणू नका.

भांड्यांचा साबण नको, तो चिकटपणा काढायलाच बनवलेला असतो आणि वॅक्सही त्यासोबत निघून जातं. जुनी बनियन आणि पिवळं फडकं निवृत्त करा. डिझेलचा हात मारून चमक आणण्याचा सल्ला देणारे काका प्रत्येक पार्किंगमध्ये असतात. ती चमक तेलकटपणाची असते, त्यावर धूळ आणखी चिकटते आणि रबराची वाट लागते ती वेगळी.

पाणी किती लागतं? दोन बादल्या आणि वरचं खंगाळणं धरून ५० लिटरच्या आसपास. नळी चालू ठेवून धुतलं तर मिनिटाला १० लिटर धरूनही पंधरा मिनिटांत १५० लिटर. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड लावला होता. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्याकडच्या सोसायट्यांनी दंडाची वाट पाहण्याचं कारण नाही.

बोअरचं पाणी असेल तर एक काळजी जास्त. त्यात क्षार असतात. थेंब तसेच वाळू दिले तर पांढरे ठिपके उमटतात आणि उन्हात पक्के होत जातात. म्हणून धुऊन झाल्यावर लगेच जाड मायक्रोफायबरने टिपून घ्या, घासू नका. पक्ष्यांची विष्ठाही नखाने खरवडायची नाही, ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवायचं आणि अलगद उचलायचं.

पूजा करा, पण कुंकू काचेवर

दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी गाडी आली की बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक आलंच. हळदीचा पिवळेपणा उन्हाने उडतो, पण बाजारातल्या स्वस्त कुंकवात रासायनिक रंग असतो आणि पांढऱ्या गाडीवर तो हट्टी ठरू शकतो. स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढलं तर पूजा तीच होते आणि काच सहज पुसता येते. नारळाचं पाणी उडालं असेल तर त्याच दिवशी पाणी ओता. हार घालून गाडी हायवेवर नेऊ नका, त्याचा दोरा वाऱ्याने एकाच जागी घासत राहतो. आणि अक्षता वायपरखालच्या जाळीत जातात, त्या पुढच्या दसऱ्यापर्यंत सापडत राहतात. त्याला इलाज नाही.

वॅक्स कधी, कोणतं आणि किती?

'नव्या गाडीला तीन महिने वॅक्स लावायचं नाही' हे तुम्हीही ऐकलं असेल. तो सल्ला गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या पत्र्यासाठी आहे, कारण तो रंग कमी तापमानावर वाळवलेला असतो. कारखान्यातला रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीतून पक्का होऊनच येतो. त्यामुळे पहिल्याच रविवारी वॅक्स लावलं तरी चालतं.

लावण्याआधी धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवा. खरखर लागली तर कारखान्यापासून शोरूमपर्यंतच्या प्रवासात लोखंडाचे बारीक कण रुतले आहेत, असं समजा. त्यासाठी क्ले बार मिळतो. भरपूर ओलाव्यावर, जोर न देता फिरवायचा. हात गुळगुळीत सरकला तर त्या वाटेला जाऊ नका.

डबा घेताना मात्र नावावर जाऊ नका. 'वॅक्स पॉलिश' किंवा 'क्लीनर वॅक्स' नावाखाली खरपूड असलेली पेस्टही विकली जाते. लेबलवर 'अ‍ॅब्रेसिव्ह' शब्द दिसला तर तो डबा परत ठेवा. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. गोळ्या-चॉकलेटांना चकाकी देणारंही तेच. दिसायला सुंदर, पण ते ८०-८५ अंशांना वितळतं आणि आपल्या उन्हाळ्यात महिना-दोन महिन्यांत ओसरतं. सिंथेटिक सीलंट त्यापेक्षा जास्त टिकतं. उघड्यावर गाडी लावणाऱ्यांनी तेच घ्यावं. मॅट रंगाच्या गाडीला यातलं काहीच लावायचं नाही.

जाड थर लावून फायदा नाही, पुसताना हात मात्र दुखतात. स्पंजवर बोटभर घेऊन एकेका दरवाजावर पातळ पसरवा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून काढा. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना लागू देऊ नका, तिथे पांढरट डाग राहतो. ती फडकी नंतर वेगळी धुवा, कम्फर्टसारखं काही न घालता.

पुन्हा कधी लावायचं, हे कॅलेंडर नाही, पाऊस सांगतो. बॉनेटवर पाणी गोल थेंब होऊन पळत असेल तर वॅक्स जिवंत आहे. तेच पाणी सपाट पसरून बसायला लागलं की त्या रविवारी पुन्हा दोन बादल्या काढा.