वह्या जपून ठेवा

गेल्या महिन्यात एक गृहस्थ सपत्नीक भेटीस आले. हार्डवेअरचा ठोक व्यापार, पेढी तिसऱ्या पिढीत. मुलगा सहावीत. "ताई, दोन शिकवण्या लावल्या आहेत, तिसरीही लावतो; पण याची वही पाहवत नाही," असे म्हणून त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. बाईंनी मात्र निराळेच सांगितले. सुटीत हा दुकानात बसतो तेव्हा खिळे-स्क्रूंच्या सगळ्या मापांचे भाव त्याला तोंडपाठ असतात आणि गिऱ्हाइकाचे उरलेले पैसे तो मनातल्या मनात हिशेब करून देतो.

वहीत 'घर'चे 'धर' झाले होते. काना-मात्रा गळले होते, जोडाक्षरे फुटली होती. 'त्रेसष्ट' ऐकून त्याने ३६ लिहिले होते. (आपली भाषाच एकक आधी उच्चारते, त्यामुळे येथे पुष्कळ मुले अडखळतात, बहुतेक सावरतात, काही सावरत नाहीत.) जो मुलगा तोंडी चलाख आणि कागदावर निरुत्तर, त्याला आळशी ठरवण्यापूर्वी थांबावे. वाचन, लेखन वा गणित यांतील अशा अडचणीस अध्ययन अक्षमता म्हणतात. बुद्धी कमी असल्याची ती खूण नव्हे, आणि अधिक शिकवण्यांनी ती हटतही नाही. तीच पद्धत तीनदा वापरल्याने मूल फक्त तिप्पट थकते.

प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत. त्यानंतर भाषेचा प्रश्न येतो. आपल्या अनेक घरांत गुजराती, मारवाडी किंवा कच्छी बोलली जाते, बाजारात मराठी आणि शाळेत इंग्रजी. मुलाची अडचण खरोखर वाचनाची आहे की केवळ अपरिचित भाषेची, हे ठरवणाऱ्या मानसशास्त्रज्ञास घरची भाषा आरंभीच सांगावी. बरेच पालक संकोचाने हे सांगत नाहीत, आणि मग चाचणीचा निष्कर्षच चुकतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला. १९९५च्या कायद्यात ती नव्हती. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख त्याच्या कलम १७ मध्येच आहे. तासाला वीस मिनिटे जादा मिळाली, तर तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस चार तास होतात. मात्र त्यासाठी शासकीय प्रमाणपत्र लागते. खासगी तज्ज्ञाचा अहवाल उपयोगी असला तरी प्रमाणपत्राची जागा तो घेत नाही. मुंबईत शीव व नायर रुग्णालयांत हे काम चालते. अन्यत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात चौकशी करावी. आठ वर्षे पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळू शकते, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होते. दहावीच्या सवलतींचा अर्ज शाळेमार्फत मंडळाकडे जातो, म्हणून ही धावपळ दहावीच्या वर्षावर टाकू नये. उपचारात्मक अध्यापनासाठी विशेष शिक्षक नेमताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक निःसंकोच विचारावा. माल घेताना आपण पारखतोच की!

शाळेशी बोलणे झाले की मुख्याध्यापकांना पत्र द्यावे आणि प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. तोंडी शब्दावर आपण मालाची गाडी सोडत नाही. येथेही तीच शिस्त ठेवावी. एक फाइल करावी. तिच्यात चाचण्यांचे अहवाल, पत्रांच्या प्रती आणि मुलाच्या चुकांनी भरलेल्या जुन्या वह्या असाव्यात. ही अडचण कालपरवाची नाही, हे त्या वह्यांइतके चांगले कोणी सांगत नाही.

"वडील म्हणतात, असा कागद काढला तर उद्या स्थळ कोण आणील? आणि याला शेवटी गादीवरच तर बसायचे आहे," गृहस्थ खाली पाहत म्हणाले. स्थळाची चिंता मी समजू शकते. पण प्रमाणपत्र कोणी दुकानात चौकटीत लावण्यास सांगत नाही. ते शाळेच्या दप्तरी राहते. गादीचे मात्र मला पटत नाही. ज्या मुलाला 'तुला दुसरे काही जमणार नाही' असे सांगून गादीवर बसवले जाते, तो तेथेही मान वर करून बसत नाही. पेढी त्याने निवडावी, ती त्याच्यावर शिक्षेसारखी येऊ नये.

मुलगा हे सारे शेजारच्या खोलीत ऐकत होता. त्याला आत बोलावून मी विचारले, शाळेत सर्वांत नको कधी वाटते? तो म्हणाला, "उभे राहून धडा वाचायला सांगतात तेव्हा." मुख्याध्यापकांच्या पत्रात पहिली विनंती आम्ही तीच लिहिली.

निघताना मी दुसरी-तिसरीच्या वह्यांची चौकशी केली. "त्या केव्हाच रद्दीत गेल्या," गृहस्थ म्हणाले. बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या एकट्याच आल्या, हातात कापडी पिशवी होती. दुसरीपासूनच्या साऱ्या वह्या त्यांनी कपाटात साड्यांच्या खाली ठेवल्या होत्या.