पांढरे केस : चिंता कशाची करावी?

गेल्या महिन्यात नात्यातील एका मुलीच्या मेंदीच्या कार्यक्रमास जाण्याचा योग आला. वधूच्या हातावर मेंदी चढत होती, स्त्रिया मराठी गाणी म्हणत होत्या, आणि आम्हा वडीलधाऱ्या मंडळींचे बोलणे मात्र फिरून फिरून एकाच विषयावर येत होते. कोणाचे केस किती पिकले, कोण काय लावते, मुंबईहून येताना कोणी कोणते तेल आणले! वधूची आई मला हळूच म्हणाली, "ताई, विहीणबाई माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, पण केस बघा कसे काळेभोर! फोटोत मी त्यांची आई दिसेन." सर्वजणी हसल्या, मीही हसले. परंतु घरी परतताना मनात आले की, ज्याची खरोखर काळजी घ्यावयास हवी ते सोडून आपण भलत्याच गोष्टीची चिंता करीत आहोत. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नव्हे. तरीही माझ्या स्वतःच्या घरात घडलेली एक चूक वाचक बंधुभगिनींना सांगितल्यावाचून राहवत नाही.

तेलावर आपल्या समाजाचा विश्वास असावा, यात नवल नाही. कोकणात आपल्या पूर्वजांना लोक 'शनिवार तेली' म्हणत. गावोगावी त्यांचे तेलाचे घाणे चालत आणि शब्बाथच्या दिवशी ते बंद राहत. आजही आपल्या घरातील आजी नातवंडांच्या डोक्यावर खोबरेल तेल थापल्याशिवाय त्यांना सोडीत नाही. या मायेचे मोल मी जाणते. पण तेलाकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे समजून घ्यावयास हवे.

केस ज्या द्रव्याचा बनलेला असतो, त्याला स्वतःचा रंग नसतो. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. त्या वाढत्या केसात रंगद्रव्य भरतात. या पेशींचा एक राखीव साठा प्रत्येक मुळाशी असतो. वयोमानाने तो साठा संपतो किंवा नीट काम करीनासा होतो, आणि मग नवा केस रंगाविनाच वर येतो. हे केव्हा घडावे, हे बव्हंशी आईवडिलांकडून आलेल्या वारशावर ठरते. केस पिकण्याशी संबंध असलेल्या एका जनुकाचा शोध २०१६ साली प्रसिद्ध झाला. डोक्याबाहेर आलेला केस हा निर्जीव धागा असतो. त्यावर कितीही तेल चोळले तरी त्यात पुन्हा नैसर्गिक रंग भरत नाही. एका रात्रीत केस पांढरे झाल्याच्या कथाही याच कारणाने खऱ्या मानता येत नाहीत. एका रोगात काळे केस झपाट्याने गळतात व पांढरे तेवढे मागे राहतात. पाहणाऱ्यास मात्र सारे डोके एकाएकी पिकले असे वाटते.

आता माझी चूक. माझ्या धाकट्या मुलाचे केस विसाव्या वर्षीच पिकू लागले. त्याच्या वडिलांकडे लवकर केस पिकण्याची परंपरा आहे, म्हणून प्रथम मी लक्ष दिले नाही. पुढे लग्नाच्या गोष्टी निघतील या विचाराने मी अस्वस्थ झाले आणि उपाय सुरू केले. माक्याचे तेल झाले, आवळ्याची पूड झाली, कढीपत्ता घालून कढवलेले खोबरेल झाले. दोन वर्षे हा क्रम चालला. त्या काळात तो सतत थकलेला असे. पायाला मुंग्या येतात असेही म्हणे. लष्करातील सेवेचा शीण असेल, असे मी समजले. शाळेत असतानाच त्याने येथील अनेक तरुणांप्रमाणे मांस, मासे, अंडी, दूध सारे वर्ज्य केले होते. आजीच्या हातचे माशाचे कालवणसुद्धा तो घेत नसे. अखेर कुपत होलिममध्ये त्याचे रक्त तपासले, तेव्हा बी १२ या जीवनसत्त्वाची मोठी उणीव आढळली. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसते. ते मांस, मासे, अंडी व दूध यांतून मिळते, आणि ही पथ्ये पाळणाऱ्याने ते गोळीच्या रूपाने घ्यावेच लागते. इंजेक्शने सुरू झाल्यावर त्याचा थकवा गेला, मुंग्या थांबल्या. केस मात्र बहुतेक पांढरेच राहिले. आज त्याचे मला काहीच वाटत नाही. बोचते ते हे, की त्याच्या शरीराने दिलेली सूचना मी दोन वर्षे तेलाखाली झाकून ठेवली. अशी उणीव फार काळ राहिली तर मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्याकडे पंचविशीच्या आत केस पिकू लागले तर त्यास अकाली पिकणे म्हणतात. अशा वेळी तेलाच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे आणि बी १२, लोह व थायरॉइड यांची तपासणी करावी. यांतील दोष वेळीच दूर झाल्यास काहींचे केस पुन्हा काळे येतातही. वडीलधाऱ्यांनीही सावध असावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन हे औषध अनेक वर्षे घेणाऱ्यांत बी १२ कमी होऊ शकते, आणि मधुमेह आपल्या किती घरांत आहे हे मी सांगावयास नको.

धूम्रपान करणाऱ्यांचे केस लवकर पिकतात असे आढळले आहे. ते सोडणे हा बाजारातील कोणत्याही तेलापेक्षा चांगला उपाय होय. मनाच्या ताणाचाही संबंध असावा. २०२० साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात तीव्र ताणाने रंगपेशींचा साठा नष्ट झालेला दिसला. माणसांत मात्र ताण हलका झाल्यावर थोड्याच केसांत रंग परतल्याचे २०२१ साली नोंदले गेले. तेव्हा पुरेशी झोप व शांत शब्बाथ यांचा लाभ जरूर घ्यावा, पण त्यांतून काळ्या केसांची आशा बाळगू नये. खोबरेल तेलही खुशाल लावावे. ते केसात मुरते आणि धुताना होणारी झीज कमी करते. एवढेच त्याचे काम, व तेही थोडे नव्हे.

केस रंगवावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पन्नाशीनंतर नोकरी शोधणाऱ्याने रंग लावला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणास आहे? पण एक दक्षता घ्यावी. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस असतो. 'काळी मेंदी' म्हणून जे विकले जाते, त्यात बहुधा पीपीडी हे रसायन मिसळलेले असते, आणि त्याने चेहरा सुजणे, कातडीवर फोड येणे असे प्रकार घडतात. साध्या रंगातही ते असू शकते. म्हणून रंग वापरण्यापूर्वी कानामागे थोडासा लावून दोन दिवस वाट पाहावी.

आता मूळ गोष्टीकडे येते. वधूच्या आईला आपल्या केसांची लाज का वाटावी? पिकल्या केसांपुढे उठून उभे राहावे, अशी आज्ञा तोरेच्या तिसऱ्या पुस्तकात आहे, आणि या देशातील बसगाड्यांत ती पुढील आसनांजवळ लिहिलेली आपण रोज पाहतो. तलमूदमधील रब्बी एलाझार बेन अझरिया यांची कथाही अनेकांस ठाऊक असेल. अठराव्या वर्षी त्यांना विद्यापीठाचे प्रमुखपद देऊ केले, तेव्हा त्यांच्या पत्नीने अशीही हरकत घेतली, की तुमचा एकही केस पांढरा नाही! मग चमत्काराने त्यांच्या केसांच्या अठरा ओळी पांढऱ्या झाल्या, असे परंपरा सांगते. ज्या समाजाच्या कथांत पांढरा केस ही योग्यतेची खूण ठरली, त्या समाजातील आईने लेकीच्या लग्नात विहिणीच्या केसांकडे पाहून मान खाली घालावी, हे मला पटत नाही.

मुंबईला जाल तेव्हा तेलाची बाटली जरूर आणावी, आईच्या हाताची आठवण म्हणून ती मुलांच्या डोक्याला लावावी. मात्र कोवळ्या वयात कोणाच्या डोक्यावर पांढरे केस दिसले, आणि ते मूल थकल्याची तक्रार करीत असेल, तर बाटली बाजूला ठेवून प्रथम त्याचे रक्त तपासून घ्यावे. माझ्याकडून जो विलंब झाला, तो आपल्याकडून होऊ नये, एवढीच विनंती.