राष्ट्रीय आदिवासी वस्त्र दिन कायद्यानेच हवा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, गोवा राज्य
मा. सभापती, गोवा विधानसभा
मा. केंद्रीय जनजातीय कार्य मंत्री, भारत सरकार

विषय : आदिवासींच्या पारंपरिक वस्त्रांच्या सन्मानार्थ संसदेने कायदा करून राष्ट्रीय दिन ठरवावा, याबाबत.

महोदय,

गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांतल्या स्त्रिया, त्यांच्या शिकणाऱ्या मुली आणि हातमागावर पुन्हा बसू पाहणारे तरुण यांच्या संघटनेच्या वतीने हे मागणीपत्र सादर करीत आहोत. मागणी एकच आहे : वर्षातला एक दिवस ‘राष्ट्रीय आदिवासी वस्त्र दिन’ म्हणून संसदेच्या अधिनियमाने ठरवावा आणि त्यासोबत सरकारवर काही ठोस कर्तव्ये टाकावीत. अधिसूचना, परिपत्रक किंवा समाजमाध्यमावरच्या शुभेच्छा यांनी आमचे समाधान होणार नाही. ते का, हे पुढे मांडतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. गोव्यातील कुणबी हा अनुसूचित जमातींपैकी एक समाज आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा त्या यादीत समावेश २००३ साली झाला. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १,४९,२७५ आहे, म्हणजे दर दहा गोवेकरांमागे एक.

आमच्या आज्या जे नेसत ते लाल चौकड्यांचे सुती कापड. लांबीला आखूड, पोटऱ्या मोकळ्या ठेवणारे. पदर खांद्यावर घेऊन तिथेच घट्ट गाठ मारायची, तिला देठली म्हणतात. पदर सुटत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात, चिखलात वाकून तासन् तास भाताची लावणी करता येते. हे कापड कामाने घडवले आहे आणि त्यातले सौंदर्यही कामाच्या शहाणपणातून आलेले आहे. समाजातले काही लोक ख्रिस्ती झाले, १९२८मध्ये काही शुद्धीकरणाने पुन्हा हिंदू झाले, देव्हारे बदलले. तरी सासष्टीतल्या ख्रिस्ती बाईच्या आणि तिच्या हिंदू भावकीतल्या बाईच्या अंगावर हे लाल चौकडे दिसत राहिले. धर्माने जे वेगळे केले ते या कापडाने जोडून ठेवले होते, असे आम्ही अभिमानाने म्हणतो.

आता कायद्याकडे येऊ. वस्त्र ही खाजगी बाब, तिच्यात राज्याने का पडावे, असा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. पण राज्य तिच्यात फार पूर्वीच पडलेले आहे. गोव्यात इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्या स्थानिक पुरुषांना पुडवें म्हणजे धोतर नेसण्यास आणि स्त्रियांना चोळी घालण्यास मनाई होती. लग्नातली गाणी, दारातली तुळस, जेवणाच्या रीती यांच्या शेजारी वस्त्रालाही त्या फर्मानाने गुन्हा ठरवले. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या ग्रंथात हा दस्तऐवज वाचकांसमोर आणला. ज्या भूमीत अंगावरच्या कापडासाठी माणसाला न्यायासनासमोर उभे केले गेले, तिथे ‘सरकारचा कपड्यांशी काय संबंध’ हा युक्तिवाद टिकत नाही. सत्तेने जो अपमान लेखी केला, त्याची भरपाईही लेखी आणि सत्तेच्या सर्वोच्च सभागृहातून व्हावी.

कॅनडाने हे केले आहे. तिथल्या इंडियन ॲक्टमध्ये १९१४ साली अशी दुरुस्ती झाली, की पश्चिमेकडच्या प्रांतांतील मूलनिवासींना सरकारी एजंटाच्या परवानगीवाचून पारंपरिक वेशात नृत्य वा प्रदर्शनात भाग घेता येत नसे. नृत्य-समारंभांवरची ही बंधने १९५१ साली कायद्यातून गेली. पण मनातून ती गेली नव्हती. डिसेंबर २०२०मध्ये सॅस्कॅचेवान प्रांतातील कॅमसॅक गावच्या शाळेत ‘नीटनेटक्या पोशाखाचा दिवस’ होता. कोट फर्स्ट नेशन या मूलनिवासी समाजाची दहा वर्षांची मुलगी आपला पारंपरिक रिबन स्कर्ट घालून गेली. हा पोशाख त्या दिवसाला शोभणारा नाही, असे शाळेतल्या एका कर्मचारी बाईने तिला सांगितले. सुट्टी संपून ४ जानेवारी २०२१ रोजी ती शाळेत परत गेली तेव्हा तिच्यासोबत घरच्या आणि समाजाच्या स्त्रिया रिबन स्कर्ट घालून चालत होत्या. क्री समाजातून आलेल्या सिनेटर मेरी जेन मॅकॅलम यांनी त्यावर विधेयक मांडले. एस-२१९ क्रमांकाच्या त्या विधेयकाला १५ डिसेंबर २०२२ रोजी मंजुरी मिळाली आणि ४ जानेवारी हा ‘राष्ट्रीय रिबन स्कर्ट दिन’ झाला. तो सुट्टीचा दिवस नाही. शाळा उघड्या असतात, आणि मुली स्कर्ट घालून शाळेत जातात. आम्हांला यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

पोशाखावरून असा अपमान आपल्याकडे घडत नाही, असे कोणी म्हणू नये. जून २०१७मध्ये दिल्लीतील एका प्रतिष्ठित क्लबात पाहुणी म्हणून आलेल्या खासी महिलेला, तिने जैनसेम हे खासी वस्त्र नेसले होते म्हणून, जेवणाच्या दालनातून उठून जायला सांगण्यात आले. तिचा वेश मोलकरणीसारखा दिसतो, असे कारण दिले गेले. १९८९चा अत्याचार प्रतिबंध कायदा अनुसूचित जमातीच्या व्यक्तीच्या अंगावरचे कपडे जबरीने उतरवणे हा गुन्हा मानतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या महिलेचे कापड कोणी ओढले नव्हते. तिला फक्त उठवले होते. शाळेच्या फाटकात, मुलाखतीच्या खोलीत, हॉटेलच्या दारात आमच्या बायकांना जे सोसावे लागते ते याच जातीचे असते : बोट लावायचे नाही, पण आत घ्यायचे नाही. आमच्या कित्येक मुलींनी आजीचे कापड पेटीत ठेवून दिले, त्यामागे हा अनुभव आहे. ‘काळ बदलला’ एवढेच म्हणून हे झटकून टाकणे अन्यायाचे आहे.

आता ‘हातमाग दिन आहे की’ या उत्तराबद्दल. १९०५च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून २०१५पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन पाळला जातो. त्याचा आम्हांला आदर आहे. चौथ्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार नोंदले गेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्या सर्वांना या दिवसाची गरज आहे. परंतु तो दिवस मागाचा आहे. नेसणाऱ्या माणसाच्या मानाचा प्रश्न त्यात येत नाही. १५ नोव्हेंबरचा जनजातीय गौरव दिवस भगवान बिरसा मुंडा यांच्या जयंतीचा आणि आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांच्या स्मरणाचा आहे. त्यावर दुसरे ओझे टाकू नये.

शिवाय हे दिवस सरकारच्या निर्णयाने आले आहेत, आणि सरकारी निर्णयाने आलेले सरकारी निर्णयाने जाते. विणकरांना शासनदरबारी आपले म्हणणे मांडायला जागा देणारे अखिल भारतीय हातमाग मंडळ जुलै २०२०मध्ये एका अधिसूचनेने बरखास्त झाले. संसदेत चर्चा झाली नाही, मतदान झाले नाही. अधिनियम असता तर निदान दोन्ही सभागृहांत कारण द्यावे लागले असते. आम्हांला कायदा हवा तो याच एका कारणासाठी : उद्या कोणाला तो दिवस नकोसा झाला, तर त्याने उभे राहून तसे म्हणावे.

हे विधेयक सरकारने स्वतः आणावे. खासगी सदस्याच्या विधेयकाचा मार्ग आम्हांला सुचवला जातो, पण स्वातंत्र्यानंतर अशी अवघी १४ विधेयके कायदा झाली आणि त्यांतले शेवटचे १९७० साली. त्या वाटेला लावणे म्हणजे नम्रपणे नकार देणे. गोवा विधानसभेने आपला वाटा म्हणून येत्या अधिवेशनात केंद्राला शिफारस करणारा ठराव एकमताने मंजूर करावा.

घटनेत याला भक्कम आधार आहे. अनुच्छेद २९(१) प्रत्येक नागरिक-समूहाला आपली वेगळी संस्कृती जपण्याचा हक्क देतो. २०१४च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने, व्यक्ती आपली लिंगओळख वेशातून प्रकट करते ते अनुच्छेद १९(१)(क)मधील अभिव्यक्तीत येते, असे मानले. तो निकाल तृतीयपंथीयांच्या हक्कांचा होता. पण वेश ही अभिव्यक्ती आहे हे तत्त्व आदिवासी स्त्रीलाही लागू व्हावे, असे आमचे म्हणणे आहे.

कायद्यात पुढील तरतुदी असाव्यात.

पहिली, प्रवेशाची. कोणतीही शाळा, महाविद्यालय, कार्यालय, न्यायालय, क्लब वा उपाहारगृह आदिवासी वस्त्र नेसल्याच्या कारणावरून कोणालाही अडवणार नाही, आणि हे त्या एका दिवसापुरते नसेल, बाराही महिने असेल. गणवेशाच्या शाळांत, विशेषतः एकलव्य निवासी शाळांत, त्या दिवशी मुलांना घरचे वस्त्र घालून येण्याची मुभा असावी. मुभा, सक्ती नव्हे. आमची जी मुलगी जीन्स घालते तीही आमचीच आहे. तिला कोणी ‘खरी आदिवासी दिस’ म्हणून फर्मावू नये.

दुसरी तरतूद आम्हांला तितकीच महत्त्वाची वाटते. त्या दिवशी आदिवासी वेश ही इतरांची सजावट होता कामा नये. शाळाशाळांच्या वेशभूषा स्पर्धांत मुलांच्या कमरेला पाने आणि डोक्याला पिसे बांधून, तोंडाला काळे फासून ‘आदिवासी’ उभा केला जातो. हे थांबवण्याचे स्पष्ट निर्देश शिक्षण खात्याने काढावेत. पर्यटन महोत्सवांच्या मंचावर कुणबी कापड नेसून नाचणाऱ्या मुलीला टाळ्या मिळतात, आणि तेच नेसून बाजारात बसलेल्या तिच्या आजीशी गिऱ्हाईक एकेरीत बोलते. राष्ट्रीय दिन हा त्या आजीचा असला पाहिजे.

तिसरी, कापडाची. आज बाजारात कुणबी साडी म्हणून जे सर्रास मिळते ते यंत्रमागावरचे आणि बरेचदा कृत्रिम धाग्याचे असते. गोव्यातला जुना माग थांबल्यावर दिवंगत वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी हे कापड पुन्हा हातमागावर विणून घेतले, देशाला दाखवले. त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण एका कलावंताच्या आस्थेवर समाजाचे वस्त्र अवलंबून राहू नये. १९८५चा हातमाग आरक्षण कायदा ११ वस्तूंचे उत्पादन हातमागासाठी राखून ठेवतो. त्या यादीत साडी आहे, ईशान्येची मेखला आणि फनेकही आहेत. त्याच कायद्याखाली आदिवासी वस्त्रप्रकार नावानिशी नोंदवावेत आणि तपासणी खरोखर व्हावी. राष्ट्रीय दिनानिमित्त सरकार जे कापड विकत घेईल ते केवळ हातमागाचे आणि आदिवासी स्त्रियांच्या वा विणकरांच्या सहकारी संस्थांकडूनच घ्यावे. सुताचा पुरवठा, रंगाईचे शिक्षण आणि गावातच माग ठेवायला जागा, यांसाठी गोवा शासनाने अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष उघडावे.

चौथी, नक्षीच्या मालकीची. भौगोलिक संकेत नोंदणीचा लाभ अनेक समाजांना झाला : ओडिशाचे कोटपाड, निलगिरीच्या तोडांचे भरतकाम, नागालँडची चाखेसांग शाल, मिझोरामचे पुआनचेई, त्रिपुराची रिसा. पण ती नोंदणी मुख्यतः नावाला संरक्षण देते. नाव बदलून नक्षी छापणाऱ्याला त्यातून वाट सापडते, आणि २०००चा डिझाइन कायदा नव्या रचनेसाठी असल्याने पिढीजात नक्षीला त्यात जागा नाही. तोडांची लाल-काळ्या धाग्याची शाल जिवंतपणी पांघरली जाते आणि मृतालाही तीच गुंडाळतात. तिची नक्षी गाडीच्या आसनावर छापण्याआधी त्या समाजाला विचारायलाच हवे. पनामाने २००० सालच्या कायदा क्रमांक २०ने मूलनिवासींच्या वस्त्रांसह, गुना जमातीच्या स्त्रियांच्या ‘मोला’ या वस्त्रासह, अशा कलाकृतींवर सामूहिक हक्क मान्य केला. तशी नोंदवही आणि संमतीची अट या अधिनियमात असावी.

तारीख आम्ही सांगत नाही. देशात सातशेहून अधिक अनुसूचित जमाती आहेत. गोव्याने आपली तारीख गडचिरोलीच्या माडियांवर किंवा मेघालयाच्या खासींवर लादणे बरे नव्हे. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने राज्याराज्यांत सुनावण्या घ्याव्यात, ग्रामसभांचे ठराव मागवावेत आणि मगच तारीख संसदेपुढे ठेवावी. आमच्यापुरते विचाराल तर पौषातले, धालो या स्त्रियांच्या उत्सवाचे दिवस बरे. पीक घरात आलेले असते, मांडावर बाया जमलेल्या असतात आणि नेसायला सवड असते.

सभागृहाच्या येत्या अधिवेशनापूर्वी आमच्या शिष्टमंडळाला भेटीची वेळ द्यावी. विधेयकाचा मसुदा आम्ही सोबत आणू. आमच्या ज्येष्ठ स्त्रियाही येतील, आपापले कापड नेसून. सचिवालयाच्या फाटकावर त्यांना थांबवले जाणार नाही, अशी लेखी सूचना सुरक्षा विभागाला आधीच द्यावी, ही विनंती.

आपले,
संघटनेची कार्यकारिणी व सभासद