बोल्ट आणि कानस

आमच्या आंबवड्यात बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना आम्ही नागेश्वराचे देऊळ दाखवितो, संस्थानच्या काळातला झुलता पूल दाखवितो आणि मग कान्होजी जेधे व जीवा महाला यांच्या समाध्यांपाशी नेतो. तिथे उभे राहिले की प्रत्येकाच्या अंगात वीरश्री संचारते. तलवार, पट्टा, वाघनखे यांवर आम्ही तासन्‌तास बोलू शकतो. पण त्या तलवारीला धार कोण लावीत होते, पट्ट्याची मूठ सैल झाली तर ती कोण आवळीत होते, हा प्रश्न आजवर एकाही पाहुण्याने विचारलेला नाही. आणि खरे सांगायचे तर आम्हालाही तो कधी सुचला नाही. मला तो सुचला गेल्या मे महिन्यात, हातात कानस असताना.

एन.सी.सी.त आल्यापासून मला नेमबाजीचे वेड लागले. कॅम्पमध्ये .22 डीलक्स रायफलच्या मोजक्या गोळ्या वाट्याला येतात. त्यांनी भूक भागत नाही, उलट वाढते. माझे चुलते तात्या सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे परवान्याची .22 ची जुनी टार्गेट रायफल आहे आणि सवड असेल तेव्हा ते मला पुण्याच्या रेंजवर नेतात. तिचा बोल्ट बंद करताना जड जातो. पालथे पडून नेम धरावा, गोळी सुटावी आणि पुढच्या गोळीसाठी बोल्ट ओढताना सगळी बैठकच मोडावी, असा प्रकार दर वेळी होई. शिवाय मी कुठेतरी वाचले होते की चाप ओढल्यापासून पिन काडतुसावर आदळेपर्यंत जो क्षण जातो तो जितका कमी तितका नेम बरा. झाले! माझे गुण का वाढत नाहीत याचे कारण मला सापडले. दोष माझ्यात नव्हता, लोखंडात होता.

चुलतभाऊ शिरवळला कारखान्यात लेथवर काम करतो. त्याच्याकडून बारीक कानस आणि पॉलिशपेपर आणला. बोल्ट काढला, वाईसमध्ये धरला. जिथे घासल्याची चकाकी दिसत होती तिथे चार हात मारायचे, एवढाच बेत. तात्या गोठ्यातून आले, त्यांनी एकवार वाईसकडे पाहिले, काही न बोलता बोल्ट सोडविला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. मग म्हणाले, "आरं, ही कोयत्याची मूठ न्हाय. हितं घासलेलं परत भरून येत न्हाय."

मी रागावलो. माझा राग अगदीच अनाठायी होता असे मला आजही वाटत नाही. खेड्यातला मुलगा सायकल स्वतः खोलतो, पंपाची मोटर स्वतः दुरुस्त करतो. मग रायफलचीच एवढी सोवळेओवळे का? पण रात्री तात्यांनी बोल्ट कंदिलाशी धरून समजावले, तेव्हा फरक कळला. .22 च्या काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असतो. पिन त्या कडेवर आपटते. काडतुसाची ती कड बोल्टच्या तोंडात आणि नळीच्या मागच्या टोकात धरलेली असते, आणि तिथली जागा जेमतेम एक मिलिमीटरची. उडताना आत दाब होतो तो वातावरणाच्या सुमारे दीड हजार पट. पितळ पातळ. ती जागा कानशीने वाढली तर कड फाटते आणि तो वायू मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे, येतो. दुसरी गंमत याहून वाईट. पिनला मागे अडकवून ठेवणारी जी धार असते ती जरा जास्त गुळगुळीत झाली की चापाला बोट न लावता, नुसता बोल्ट मिटताना गोळी सुटू शकते. तात्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थाच्या रायफलने असेच केले. नळी मातीच्या बांधाकडे होती म्हणून निभावले. त्या बाजूला माणूस असता तर?

जगात याचे मोठे उदाहरण आहे ते कॅनडाच्या रॉस रायफलचे. सर चार्ल्स रॉस यांची ही रायफल टार्गेटवर नाव काढणारी होती. पहिल्या महायुद्धात ती सैनिकांच्या हाती दिली आणि खंदकातल्या चिखलात तिचा बोल्ट अडकू लागला. एवढेच नव्हे, तो साफसफाईसाठी खोलून चुकीचा जोडला तरी रायफलमध्ये बसत असे; मग कुलूप न लागताच गोळी उडे आणि बोल्ट माणसाच्या तोंडावर येई. 1915 साली ईप्रच्या लढाईत सैनिक ती टाकून पडलेल्या ब्रिटिशांची ली-एनफील्ड उचलू लागले. 1916 मध्ये तिच्याजागी ली-एनफील्डच देण्यात आली. चांगल्या कारखान्यातून, जाणकारांच्या हातून आलेल्या बोल्टची ही कथा. मग माझ्या वाईसचा काय पाड!

कायद्याचेही ऐकावे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 प्रमाणे बंदूक बनविणे, दुरुस्त करणे, तिच्यात बदल करणे यासाठी वेगळा परवाना लागतो. बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप आहे. माझ्या चार हातांपायी तात्यांचे म्हातारपण तुरुंगात गेले असते.

एवढे कबूल करूनही माझी एक तक्रार उरतेच. कानस मुलाच्या हाती येते कारण जवळपास परवानाधारक कारागीर नसतो. आंबवड्याहून भोर, भोरहून पुणे. दिवस मोडतो, भाडे जाते, आणि बोल्ट जड आहे एवढ्यासाठी कोण जाणार? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांनी कांस्यपदक मिळवितो, तेव्हा आपण पेढे वाटतो. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हाही वाटलेच असतील. त्या टार्गेटवरचे दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे, करंगळीच्या नखाएवढे. ते गाठण्यासाठी रायफल निर्दोष ठेवणारा माणूस तालुक्याच्या मुलाला कुठे भेटतो? भाषणे देणारे पाहुणे दरवर्षी येतात. त्यांतले एक भाषण कमी करून पुण्याचा परवानाधारक कारागीर वर्षातून दोन दिवस भोरला आणावा. परवानाधारकांनी आपापल्या रायफली त्याला दाखवाव्यात, आणि बोल्टमध्ये काय पाहायचे, काय पुसायचे, कशाला हात लावायचा नाही हे त्याने आम्हा कॅडेटांना सांगावे. नाहीतर कानस लपून चालेल, कारण हौस काही मरत नाही.

घरी करण्यासारखे काम नाही असेही नाही. स्लिंगचे माप, गालाखालची उंची, दस्त्याची लांबी जुळविणे, हे सगळे मालकाने स्वतः करण्यासाठीच ठेवलेले असते आणि चुकले तर परत पहिल्यासारखे होते. तात्यांनी दस्ता फक्त थोडा कमी केला आणि माझा हात लांबून न ताणता बोल्टपर्यंत पोचू लागला. बोल्ट त्यांनी पुण्याच्या कारागिराला दाखविला. आत जुने तेल घट्ट झाले होते. तो म्हणाला, साफ करा, एवढेच.

कानस मी चुलतभावाला परत केली. ती त्याने विळ्यांना वापरली.