बादलीभर ऊन पाण्याचे मोल

मुंबईकर गृहस्थ सकाळी गीझरचे बटण दाबतो, तेव्हा त्या नळाचे पाणी शहापूर तालुक्यातील तानसा वा भातसा धरणांतून आलेले असू शकते, याचे स्मरण त्यास क्वचितच होते. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईस मिळत आहे. त्याच शहापुरात व शेजारच्या मुरबाडात मात्र अनेक घरी स्नानाचे पाणी अद्याप लाकडे जाळूनच तापते, आणि ती मोळी रानातून डोक्यावर आणते ती घरची बाई.

हिशेब साधा आहे. २० लिटर पाणी २० अंशांनी तापविण्यास सुमारे अर्धा युनिट वीज पुरते. तीन दगडांच्या चुलीवर लाकडातील उष्णतेचा जेमतेम दशांश पाण्यास मिळतो. म्हणजे बादलीमागे सुमारे किलोभर सुके लाकूड खर्ची पडते आणि धूर छातीत जातो. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, शेगडी पोचली. परंतु महागाचा सिलिंडर आंघोळीसाठी कोण जाळील?

म्हणूनच ‘झाडे तोडू नका’ हा नुसता उपदेश आम्हांस पोकळ वाटतो. ऊन पाण्याची गरज हिवाळ्यात, आणि तेव्हाच येथील आकाश निरभ्र असते. आश्रमशाळांच्या छपरांवर सौरबंब असावेत, त्यांच्या दुरुस्तीची तजवीजही त्याच खर्चात व्हावी. घरांसाठी, पोटातील नळीमुळे थोड्या काटक्यांत तापणारा बंब सवलतीने द्यावा. ज्यांच्या भूमीतले पाणी आपण पितो, त्यांचे हे ऋण फेडण्याचे मुंबईने आता मनावर घ्यावे.